मनकर्णेवरचा लेख

मौजे सावरगव्हाण, चौसाळ्याजवळ
भाद्रपद शुद्ध ११, शके १८४१

चि. सुंदररावास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तू मागितला नव्हतास, पण पत्राच्या वरच्या जागेत काहीतरी लिहावं लागतं.

तुझं पत्र पोचलं. तात्याबा चौसाळ्याहून टपाल घेऊन आला तेव्हा मी शिवकन्येबरोबर मनकर्णेच्या मळ्यात वांग्यांचे वाफे खुरपत होते. चार पानं, तीही दोन्ही बाजूंनी भरलेली! आबा गेले तेव्हा तू हैद्राबादहून एक कार्ड टाकलं होतंस. शेजारची धनगरीण गेली तर चार पानं. तात्याबानं विचारलं, "बाई, सुंदरराव सायबांची तब्येत बरी हाय ना? लई जाड लिहिलंय." मी म्हटलं, तब्येत बरी आहे, शोक झालाय.

तू लिहितोस, 'माझी यशोदा गेली, माझं गोकुळ ओस पडलं.' गोकुळ जागेवर आहे. म्हैस आहे, दोन गाई आहेत, शेळ्या आहेत, आणि तो भांडखोर कोंबडाही आहे. सगळे वेळच्या वेळी खायला मागतात. तुझी यशोदा, म्हणजे आपली मनकर्णा, तीन दिवस तापानं फणफणली आणि चौथ्या दिवशी गेली. मरायच्या आदल्या सांजेला मला म्हणाली, "बाई, कारल्याच्या मांडवाचा उजवा खांब कुजलाय. बदला." हे तिचे शेवटचे शब्द. तुझ्या लेखात शोभतील असे नाहीत, मला ठाऊक आहे.

तिकडच्या मराठी मंडळाच्या मासिकात तिच्यावर लेख लिहायचा म्हणून तू मला प्रश्न पाठवलेस. उत्तरं देते. तिचे केस कापसासारखे शुभ्र होते का? ते सदा पदराखाली असत, आणि पदराला शेणाचे हात पुसलेले असत. तिनं हरणाचं पाडस पाळलं होतं का? अरे, हरणं हरभरा फस्त करतात. ती त्यांना गोफणीनं हाणायची. पहाटे ती कोणत्या ओव्या म्हणायची? पहाटे ती शेळ्यांना शिव्या द्यायची. हव्या असतील तर चार-दोन लिहून पाठवते, पण त्या छापतील असा छापखाना निजामाच्या राज्यात नसावा.

शोकाची साथ इथेही आहे. आप्पाराव देशमुखानं दहाव्याला डोळ्यांना उपरणं लावलं. मी जवळच उभी होते, उपरणं कोरडं ठणठणीत होतं. ह्याच माणसानं तिच्या शेळ्या दोनदा कोंडवाड्यात घातल्या होत्या, आणि दोन्ही वेळा त्या तिच्याच बांधावर चरत होत्या.

तर लेखाचं राहू दे. कामाचं लिहिते. आबांच्या मागं मळ्याचा पट्टा तुझ्या नावावर आहे. आबांनी तो मनकर्णेला तोंडी देऊन टाकला होता, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिचा बिभीषण गेल्या साली मानमोडीच्या साथीत गेला. आता सून शिवकन्या एकटी उरली आहे, आणि जनावरं. तू तहसिलीत एक कागद धाडलास की मळा तिच्या नावावर लागेल. दिवाळीच्या आत धाड.

रुक्मिणी


भाद्रपद वद्य १०

चि. सुंदररावास,

तुझं दुसरं पत्र आलं. नवे नऊ प्रश्न आहेत, कागदाचं एक अक्षर नाही. 'तिच्या मुक्या लेकरांनी तिच्या विरहात चारा सोडला का?' असं विचारतोस. सोडला असता तर बरं झालं असतं, वैरण वाचली असती.

पण एक गोष्ट झाली, ती सांगते. म्हैस दूध देईना. मनकर्णा मेल्या दिवसापासून तिनं पान्हा चोरला. शिवकन्या खाली बसली की लाथ झाडायची. पेंड दिली, चुचकारलं, रेडकू लावून पाहिलं, आमच्या गड्यानं शिव्या दिल्या, काही चालेना. कास दगडासारखी टणक झाली. मग शिवकन्येनं सासूचं हिरवं लुगडं काढलं. ते धुतलेलंही नव्हतं. ते नेसून खाली बसली, आणि मनकर्णा करायची तसं तोंडानं 'हूं हूं' केलं. म्हशीनं मान वळवून लुगडं हुंगलं आणि पान्हा सोडला.

झालं, गावाला विषय मिळाला. मेलेल्या बाईचं लुगडं देऊन टाकायचं असतं, नेसायचं नसतं. साखराबाई आपल्या ओट्यावरून ओरडली, "अगं, तुला काही इटाळ-चांडाळ हाय का न्हाई? सासू अंगात यील!" शिवकन्या म्हणाली, "येऊ द्या की. आली तर दोन बादल्या पानी तरी शेंदील." मला हसू आलं. मनकर्णा गेल्यावर मी पहिल्यांदा हसले, आणि मग गोठ्याच्या मागं जाऊन रडले. हे लेखात घालायचं नाही. हे माझं आहे.

आता मुद्दा. परवा चावडीवर आप्पारावनं सगळ्यांदेखत सांगितलं की सुंदररावांनी मळा त्याला द्यायचं कबूल केलंय. तिथं तो गुऱ्हाळ घालणार, उसाला त्या विहिरीचं पाणी नेणार, आणि फुलझाडं, मांडव, गोठा सगळं मोकळं करणार. वर म्हणाला, "आमचं मेव्हणं सुंदररावांच्याच दफ्तरात मोठ्या हुद्द्यावर हायत. घरच्या घरातलं काम हाय." मला वाटलं, नेहमीसारखी फुशारकी मारतोय. पण मग तुझी चार पानं आठवली. इतका शोक माणूस उगाच करत नाही. ज्याच्या मानेवर सुरी ठेवायची त्याच्या गळ्यात आधी हार घालतात.

खरं की खोटं, ते उलट टपाली कळव.

रुक्मिणी


आश्विन शुद्ध ६

सुंदर,

या वेळी आशीर्वाद लिहीत नाही. हात उचलवत नाही.

'आबांनी मळा दिल्याचं मला काही आठवत नाही. आबा उदार होते, पण वेडे नव्हते. म्हातारी अखेरीस भलतंच बोलत असावी.' हे तुझ्या अक्षरात आहे. त्याच पत्राच्या शेवटी आहे, 'लेखासाठी तिच्या फुलझाडांची नावं कळवावीत.' दोन वाक्यांच्या मधे साधी रेघही मारली नाहीस. शाई वाळायला थांबला होतास का रे?

तुला आठवत नाही ना? मग मी आठवण देते. मोठा दुष्काळ पडला तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. आई नव्हती. मी गेवराईकडं सासरी होते, तिथंही माणसं आंब्याच्या कोया दळून खात होती. तुला पटकी झाली. आबांनी हातपाय गाळले होते. वैद्य चौसाळ्याहून यायला तयार नव्हता. मनकर्णा त्या दिवसांत ओढ्याकाठचा फड्या निवडुंग तोडून आणायची, आगीवर धरून काटे जाळायची, आणि तो जनावरांना घालायची. हात कोपरापर्यंत भाजले होते तिचे. गावातली सगळी जनावरं मेली, तिची एक शेळी जगली. त्या शेळीचं वाटीभर दूध निघायचं, ते तुझ्या पोटात गेलं. तिचा बिभीषण तेव्हा कडेवर होता. त्याला ती भाताची पेज द्यायची, पेज म्हणजे पाणीच. हे मला आबांनी स्वतः सांगितलंय, रडत सांगितलंय, तेव्हा म्हातारी भलतंच बोलली म्हणायची सोय नाही.

आणि मळा म्हणजे काय होता? आपल्या वाड्यामागचं बरड. तिथं कुसळसुद्धा उगवत नव्हतं. दोन उन्हाळे तिनं आटलेल्या तळ्यातला गाळ डोक्यावर पाट्यांनी वाहिला. नवऱ्याबरोबर विहीर खोदली. त्या विहिरीत नवऱ्याचा पाय गेला आणि पुढं दोन वर्षांत तोही गेला. आज तिथं तू विचारतोस ती फुलं आहेत. नावं लिहून घे: झेंडू, शेवंती, मोगरा, अबोली. झालं समाधान?

साहेब झालास, चांगली गोष्ट आहे. शेरवानी घालतोस, फार्सी बोलतोस, त्याचं मला कौतुकच होतं. पण शेळीच्या दुधावर वाढलेल्या माणसानं शेळीसारखं तरी वागावं. खायला घालणाऱ्या हाताला शेळी चावत नाही.

रुक्मिणी


आश्विन वद्य ४

चि. सुंदररावास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी जास्त बोलले. पित्त झालं होतं. मी बाईमाणूस, विधवा, भावाच्या आधारानं माहेरी राहणारी. पट्ट्याचं, दफ्तराचं, मेव्हण्यांच्या हुद्द्यांचं मला काय कळतं? तू म्हणशील तेच खरं. मळ्याचा विषय मी सोडला.

लेखाला मात्र जरूर हातभार लावते. तू लिहायला लागलास की सुरेख लिहितोस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आबा म्हणायचे, सुंदरला चार ओळी द्या, तो चाळीस करील.

तर घे. मनकर्णा कुणाला फुकट बी देत नसे. वांग्याचं, भोपळ्याचं, घेवड्याचं बी ती गाडग्यात राख घालून, तोंड शेणानं लिंपून ठेवायची. कुणी मागायला आलं की म्हणायची, "फुकटचं बी उगवत न्हाई. मूठभर काही तरी ठेव." कुणी ज्वारी ठेवायचं, कुणी दुसरं बी. काहीच नसलं तर म्हणायची, "मग चोरून ने. मी तोंड फिरवते. चोरलेलं बी लई जोरात येतं." आणि खरंच पाठ करून उभी राहायची. साखराबाईच्या परसातले सगळे भोपळे असे आलेले आहेत. हे तुझ्या वाचकांना आवडेल.

कपिलधारच्या जत्रेला जाताना ती शेवंतीच्या वेण्या न्यायची आणि परत येताना सगळ्या वेण्या गळ्यात आणि डोक्यात घालून यायची, कारण विकायची लाज वाटायची. हेही घाल.

आणि एक गोष्ट घालायलाच हवी. आपल्या घराण्याचं नाव झालं पाहिजे. नुसती धनगरीण मोठी झाली आणि आपण तसेच राहिलो, तर तिकडची मराठी मंडळी काय म्हणतील? दुष्काळानंतर आबांनी मळा मनकर्णेला देऊन टाकला, एवढं लिही. मला त्यातलं एवढंच ठाऊक आहे, तेही मनकर्णेनं सांगितलेलं. खरं-खोटं देव जाणे. पण लेखात खरं-खोटं कोण पाहतो? दाता मोठा दिसला की लेख मोठा दिसतो. तुझ्या हातानं ते सजव. आबांच्या मुलानं आबांचं औदार्य लिहावं ह्यासारखं दुसरं काय! तिकडच्या साहेब लोकांत तुझी पत वाढेल. इथल्या लोकांची काळजी करू नकोस. आप्पारावला मराठी कागद उलटा धरला तरी कळत नाही.

छापून आला की एक प्रत पाठव. गावात वाचून दाखवीन म्हणते.

तुझी थोरली बहीण,
रुक्मिणी


कार्तिक वद्य २

चि. सुंदररावास,

आशीर्वाद.

मासिक पोचलं. कागद चांगला आहे. तुझं नाव मोठ्या ठशात आहे, मनकर्णेचं त्याहून लहान ठशात. लेखाचं नाव 'ग्रामदेवता'. मी पहिलं पान वाचलं. त्यात 'ममतेचा वटवृक्ष' तीनदा येतो आणि हरणाचं पाडस एकदा येतं. नको म्हटलेलं पाडस तू घातलंसच! पुढं वाचवेना. दुसरं पान उघडलं, बोट फिरवत मला हवी ती ओळ शोधली, 'माझ्या वडिलांनी तो मळा तिला कायमचा दिला', आणि मासिक मिटलं.

ती ओळ तिथं होती म्हणून मी तुला आता सगळं सांगते. लपवून काय करू, तुला चार दिवसांत कळेलच.

काल मी, शिवकन्या आणि तात्याबा बैलगाडीनं बीडला गेलो होतो. गावानं तोंडात बोटं घातली. घरंदाज बाई कचेरीत जाते, आणि तीही धनगराच्या सुनेच्या वतीनं! आप्पारावनं वाटेत गाडी अडवून विचारलं, "बाई, कावून निघालात एवढ्या सकाळी?" मी म्हटलं, सुंदररावांचं मोठेपण वाजवायला निघाले. तो खुश झाला, म्हणाला, "वाजवा, वाजवा." मग तहसिलीत शिवकन्येची दरख्वास्त दिली आणि तिला तुझं मासिक जोडलं. पट्टेदारानं स्वतःच्या नावानं छापून कबूल केलंय की मळा कायमचा दिला. पेशकारानं चष्मा पुसून ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "ये तो खूब हाय बाई. कागद न्हाई, पन छापील हाय." पुढची तारीख पडली आहे. तुला तहसीलदार हुजुरांचा हुकूम येईल: हे तू लिहिलंस की नाही, आणि लिहिलंस ते खरं की खोटं.

आता तुला दोन वाटा आहेत. खोटं म्हण, म्हणजे तुझ्या मंडळात, तुझ्या मासिकात, तुला शाबासकी देणाऱ्या सगळ्यांसमोर तू खोटा लेखक ठरशील. खरं म्हण, म्हणजे मळा शिवकन्येचा, आणि आप्पारावचे मेव्हणे तुझ्याकडं वाकड्या नजरेनं पाहतील. हुद्दा हवा की टाळ्या, तुझं तू ठरव. मला तुझ्या प्रामाणिकपणाचा भरवसा नाही. हावरेपणाचा आहे, आणि तुला टाळ्यांची हाव जास्त आहे.

हो, मी लबाडी केली. मागचं गोड पत्र लबाडीचं होतं. तुझ्याकडून शिकले असं समज.

रुक्मिणी


पौष शुद्ध ३

सुंदर,

काल तारीख होती. तुझं उत्तर कचेरीत आधीच आलं होतं. एकच ओळ: 'लेखातील मजकूर माझा असून खरा आहे.' खाली दस्तखत. मला वेगळं पत्र नाही, शिव्याही नाहीत. चार पानं लिहिणाऱ्या माणसानं एका ओळीत भागवलं. मला आधी वाटलं, टाळ्या जिंकल्या.

पण हुजूर म्हणाले, नुसती ओळ नको, सगळा मजकूर पुकारून वाचा. मराठी जाणणाऱ्या कारकुनानं उभ्यानं वाचायला सुरुवात केली. मी पदर ओढून मागं बसले होते. मनात एकेक वाक्य ओळखत होते. हे तुझं, हे माझं. बी चोरायला पाठ फिरवून उभी राहते, हे माझं. शेवंतीच्या वेण्या, माझं. वटवृक्ष, तुझा. पाडस, तुझं. तुच्छ वाटत होतं सगळं, ती मातीतली बाई घेऊन तू साखरेची बाहुली केली होतीस.

मग कारकून दुसऱ्या पानावर आला. मी तुला एवढंच लिहिलं होतं, 'आबांनी मळा देऊन टाकला.' कारकुनानं वाचलं ते मी कधी लिहिलं नव्हतं. दुष्काळ संपल्यावर पहिल्या पाडव्याला आबांनी तिला आपल्या वाड्याच्या विहिरीवर बोलावलं, असं होतं. तू पटकीतून उठून थोडेच दिवस झाले होते, आणि तुला पितळी तांब्या धरायला उभं केलं होतं. आबांनी तिला ओंजळ करायला सांगितली आणि दानाचं उदक सोडलं. तिचे हात निवडुंगाच्या आगीनं भाजून इतके फुटलेले होते की पाणी ओंजळीत राहीना, भेगांतून खाली गेलं. आबा म्हणाले, हे चालायचं नाही, पाणी हातात राहिलं पाहिजे. म्हणून दुसऱ्यांदा सोडलं. तेही गेलं. तिसऱ्यांदा तिनं पदराचा बोळा ओंजळीत धरला, आणि पाणी पदरात राहिलं. खाली सांडलेलं पाणी तुझ्या पायांवर आलं, आणि ते गार होतं.

शिवकन्या माझा हात दाबत म्हणाली, "बाई, हे सासूबाईंनी मला कदी सांगितलं न्हाई."

मलाही सांगितलं नव्हतं. ती फक्त म्हणायची, "आबासायबांनी दिला, सुंदरबाळ हुतं तिथं." हे मी तुला आजवर लिहिलं नाही. तीन वर्षांपूर्वी ती माझ्याकडं आली होती. आबा अंथरुणाला खिळले होते, जीभ गेली होती. म्हणाली, "बाई, तुमी लिव्हता-वाचता. एक कागद करून द्या. बिभीषणाच्या पोटासाठी म्हणते." सोबत भोपळा आणला होता. मी तिला म्हटलं, भावाला विचारते. तुला विचारलं. तू कळवलंस, 'मी तिथं नव्हतो. मला काही माहीत नाही.'

आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवला. तू माझं रक्त. ती शेजारीण. मी तिला दारात उभं करून सांगितलं, मनकर्णे, सुंदर नाही म्हणतो, तू म्हणतेस तसं काही झालेलं दिसत नाही. ती वाद घालायला उभी राहिली नाही. 'बरं' म्हणाली. भोपळा खाली ठेवून गेली. त्या दिवसानंतर तिनं मळ्याचा विषय काढला नाही, आणि आमच्याकडं भाजी रोजच्यासारखी येत राहिली. मीही त्यावर बोलले नाही. आपण तिला माफ केलं, असं मला वाटत होतं! मी, तिला!

भादव्यात मी तुला लिहिलं, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती फुशारकी होती. मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. ती मेल्यावर तिच्या बाजूनं लढायला उभी राहिले, ती खात्रीनं नव्हे, लाजेनं. तुझ्या लेखात पाणी येईपर्यंत मनात कुठंतरी शंका होतीच की म्हातारी थोडी वाढवून बोलत असेल.

तू मात्र पूर्ण जाणत होतास. तांब्या तुझ्याच हातात होता. तीन वर्षांपूर्वी जाणत होतास, आश्विनातही जाणत होतास, आणि दोन्ही वेळा नाही म्हणालास. लेख सजवायला बसलास तेव्हा तुझ्या लेखणीनं तुझ्या नकळत खरं लिहून टाकलं. त्यासाठी तुला मान द्यावा की काय, मला अजून ठरवता येत नाही. देणार नाही बहुधा.

मळा शिवकन्येच्या नावावर लागला. हुजुरांनी मोहर मारली. आप्पाराव कचेरीबाहेर मला म्हणाला, "बाई, तुमी आमाला फसवलंत." मी म्हटलं, हो.

घरी परतल्यावर मी आमच्या दारातून मळ्यात गेले. शिवकन्या हिरवं लुगडं नेसून म्हशीखाली बसली होती. पाठमोरी होती. मला वाटलं, सांगून टाकावं. मी म्हणाले, मनकर्णे, सुंदर तिथं होता. मी खोटं ठरवलं तुला. म्हशीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. शिवकन्येनं वळून पाहिलं नाही, धार काढत राहिली. एवढंच म्हणाली, "बाई, बरं झालं बोललात. त्या भोपळ्याच्या दिवशी सासूबाई घरी आल्या न्हाईत, हितं गोठ्यात बसून ऱ्हायल्या हुत्या. मी जेवायला बोलवलं तर म्हनल्या, आज भूक न्हाई."

रुक्मिणी